डीफ्रॅगसाठी मोफत सॉफ्टवेअर हवे आहे, कृपया लवकर मदत करा

सांजवारा: संगणक इतका संथ झाला आहे की साधी फाइल उघडायलाही दोन-दोन मिनिटे लागतात. विंडोजमधील डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे जोडणारी सोय) काल रात्री लावून ठेवले होते; सकाळी पाहिले तर ते 21 टक्क्यांवरच अडकलेले होते. परवा मला अहवाल द्यायचा आहे, तरी एखादे चांगले मोफत सॉफ्टवेअर सुचवावे.

पांथस्थ: डोळे झाकून डीफ्रॅगलर घ्या. सगळी डिस्क न ढवळता हव्या त्याच फायलींचे तुकडे जोडता येतात, आणि मी कित्येक वर्षे तेच वापरत आलो आहे.

निळाई: आधी डिस्क फिरती आहे की एसएसडी, आणि मोकळी जागा किती, हे सांगा. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे तिथे डीफ्रॅगने वेग वाढत नाही, फक्त लेखनाची झीज होते.

सांजवारा: फिरतीच आहे, 1 टीबीची. विंडोज 10 आहे आणि 30 जीबी मोकळी आहे. पण मी सॉफ्टवेअरचे नाव विचारले होते.

जुनाजाणता: पेजफाइलचे (मेमरी अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) तुकडे जोडायला विंडोज एक्सपीच्या काळात पेजडीफ्रॅग होते, संगणक सुरू होतानाच ते काम उरकत असे.

निळाई: ते विंडोज 10 साठी नाही, आणि प्रश्नही पेजफाइलचा नाही. सांजवारा, जागा फारच कमी आहे; एक्सपीचे डीफ्रॅगसुद्धा किमान 15 टक्के मोकळी जागा मागत असे.

पांथस्थ: जागेचे मान्य आहे, पण विंडोजचे डीफ्रॅग काम अर्धवट सोडते. ते झाल्यावरही डीफ्रॅगलरमध्ये मोठ्या फायली विखुरलेल्याच दिसतात.

निळाई: 64 एमबीहून मोठे तुकडे विंडोज जाणूनबुजून जोडत नाही, कारण एवढा सलग मजकूर वाचताना मधल्या उडीने फारसा वेळ जात नाही. शिवाय डीफ्रॅगलरसुद्धा फायली हलवण्यासाठी विंडोजचीच सोय वापरते, तेव्हा डिस्क एका जागी अडत असेल तर नाव बदलून काय साधणार? सांजवारा, अडकल्यावर डिस्कचा आवाज येत होता का?

सांजवारा: हो, टक्, मग क्षणभर शांतता, पुन्हा टक्. तो तर महिनाभर येतोच आहे, म्हणून लिहिले नाही.

निळाई: मग डीफ्रॅग ताबडतोब थांबवा आणि पुन्हा लावू नका. डीफ्रॅगमध्ये हजारो फायली उचलून दुसरीकडे लिहिल्या जातात. दुखावलेल्या डिस्कला तो ताण देऊ नये. अहवाल आणि महत्त्वाच्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मग क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 05 (बदललेले खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि सी5 (नीट वाचता न आलेले सेक्टर) या ओळींतले आकडे पाहून इथे लिहा.

सांजवारा: 05 समोर शेवटी 8 आहे, सी5 समोर 38. वर पिवळ्या रंगात सावधानतेची सूचना आहे. अडतीस म्हणजे फार नसावेत ना?

निळाई: ते आकडे सहसा षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, दिसतात; म्हणजे 38 हे प्रत्यक्षात 3 × 16 + 8 = 56 आहेत. इतके सेक्टर डिस्कला नीट वाचता आलेले नाहीत. तुमची फाइल उघडायला दोन मिनिटे लागतात ती बहुधा यामुळेच, कारण डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहत राहते. नवी डिस्क घ्यावी लागेल.

पांथस्थ: आवाजाचे आधी कळले असते तर मीही डीफ्रॅगलर सुचवले नसते. नव्या डिस्कवर मात्र जरूर वापरून पाहा.

निळाई: नवी एसएसडी घेतली तर नको.

सांजवारा: अहवाल उतरवून झाला. छायाचित्रांचे फोल्डर निम्म्यावर अडले आहे. ते सोडून पुढचे घेऊ का?

निळाई: हो, अडलेले शेवटी.