अनुभव धागा: कुंडीत पानं ढीगभर, कळी एक नाही

मंडळी, हा प्रश्न गच्ची-बाल्कनीवाल्या सगळ्यांनाच छळतो. तुमच्या गावच्या हवेत कुठल्या झाडाला काय, कधी आणि किती करता ते लिहा. महिना आणि प्रमाण हवं. नुसतं "खत-पाणी वेळेवर द्या" नको.

पुणे, मोगरा

मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. त्यामुळे छाटणी टाळली की फूल टळलं. जानेवारीच्या मध्यापासून आठ-दहा दिवस पाणी तोडा. पानं मलूल झाली तर होऊ द्या. काड्या सुरकुतायला लागल्या तर मात्र तांब्याभर पाणी घाला. मग सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा, वाळक्या आणि आत वळलेल्या बुडापासून काढा, उरलेली पानं खुडून टाका. वरची दोन इंच माती उकरून 12 इंची कुंडीला दोन-तीन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत द्या आणि पाणी खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला. दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये कळ्या.

बहुतेकांची खरी चूक याच्या पुढे होते. पहिला बहर ओसरला की झाड तसंच ठेवतात. फुलून गेलेल्या प्रत्येक टोकाखालची दोन पेरं कापायची, प्रत्येक बहरानंतर. पावसाळ्यापर्यंत दोन-तीन बहर सहज मिळतात.

पानं गर्द हिरवी आणि शेंडे वेलासारखे लांब सुटत असतील तर नत्र जास्त झालंय. युरिया, पातळ शेणकाला सगळं दोन महिने बंद. थेट ऊन पाच-सहा तास लागतंच. उत्तरेच्या बाल्कनीत मोगऱ्याचा हट्ट धरू नये.

ठाणे

छाटणी, ऊन सगळं ठीक, पण कळ्या जांभळट होऊन उमलायच्या आतच वाळतात. हे कशाने?

पुणे

कळी उघडून बघा. बाजूला गोल भोक आणि कळ्या जाळीने एकमेकींना चिकटलेल्या असतील तर कळी पोखरणारी अळी. भोक नाही, पण आत पांढुरके बारीक किडे असतील तर कळीमाशी. दोन्हींत पहिलं काम एकच: रोगट आणि गळलेल्या कळ्या रोज वेचून बंद पिशवीतून कचऱ्यात. कुंडीतच पडू दिल्या तर किडे मातीत कोष करतात आणि पुढच्या बहराला हजर. कंपोस्टमध्येही नकोत. त्यानंतर लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंब तेल आणि 1-2 मिली पातळ साबण घोटून, ऊन उतरल्यावर, दर सात दिवसांनी फवारा. कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या असतानाच सुरू करा. अळी आत शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

सोलापूर, बोअरचं पाणी

आमच्याकडे वेगळंच दुखणं. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हा लोहाचा तुटवडा, पण लोह मातीत नसतं असं नाही. क्षारयुक्त पाण्याने मातीचा सामू (पीएच) चढतो आणि मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फारसा उपयोग होत नाही. लगेच बद्ध होतं. लिटरला 2 ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा. खाली फरशी असेल तर आधी गोणपाट अंथरा, तांबडे डाग जन्मात निघत नाहीत. मातीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (मुळांना उचलता येईल असं बांधलेलं) लोह मागा. दुकानदार ईडीटीए पुढे करतात, ते चुनखडी मातीत टिकत नाही. आणि जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

काळ्या मातीबद्दलही सांगतो. नुसती काळी माती कुंडीत वाळली की कडेपासून सुटते, पाणी त्या फटीतून खाली जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. वरून बघणाऱ्याला वाटतं भरपूर पाणी घातलं. दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग जाड वाळू.

नाशिक, शेवंती आणि गुलाब

शेवंतीला कळी धरायला मोठी, सलग काळोखी रात्र लागते. गॅलरीतला दिवा किंवा रस्त्याचा खांब रात्रभर झाडावर पडत असेल तर दिवाळी उलटून जाते, झाड हिरवंच. कुंडी काळोख्या कोपऱ्यात हलवा, बाकी काही करू नका. जूनपासून दर तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडा, ऑगस्टअखेर थांबा. गणपतीनंतरही खुडत राहिलात तर फांद्या वाढतील, फुलं लांबतील. बहर संपल्यावर झाड फेकू नका. चार इंचांवर कापून अर्धसावलीत उन्हाळा काढलात की बुडातले मुनवे (नवे कोंब) पुढच्या वर्षाची रोपं.

गुलाब: पाऊस संपला की ऑक्टोबरात छाटणी, साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट बुडातून ओढून काढा. "सात पानं म्हणजे रानफूट" ही खूण पक्की नाही, फूट कुठून निघाली तेच बघा.

रत्नागिरी, पावसाळा

जून ते सप्टेंबर खत बंद, कुंड्या विटांवर, खालच्या ताटल्या काढून ठेवा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्या बघा. मधासारख्या चिकट रसापायी त्याच त्याला जपतात. मुंग्यांची वाट तोडली नाही तर फवारणी वाया. थोडा असेल तर कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून पुसा, फार असेल तर तो शेंडाच कापा.

मुंबई, घरातली झाडं

मनी प्लांट, झेडझेड, स्नेक प्लांट पाण्यानेच मरतात. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला, ओल लागली तर झारी परत. दिवसाआड ठरवून पाणी घालणं हेच चुकतं. मातीवर बारीक काळे चिलट उडत असतील तर वरची इंचभर माती पूर्ण सुकू द्या आणि पिवळे चिकट कागद खोचा. कागदाला फक्त उडणारे चिकटतात, अळ्या मातीतच असतात, म्हणून तीन-चार आठवडे तरी सोडू नका.

न्यू जर्सी

इथे रात्रीचं तापमान 10 अंश सेल्सिअसखाली जायच्या आत मोगरा घरात घ्या. आणण्याआधी पानांच्या मागच्या बाजू पाण्याच्या धारेने धुवा, कारण हीटिंगच्या कोरड्या हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. दक्षिणेची खिडकी नसेल तर ग्रो लाइट शेंड्यापासून फूटभर वर, दिवसाला 12 ते 14 तास. शेवंतीची कुंडी मात्र त्याच दिव्याखाली ठेवू नका, नाशिककरांनी वर लिहिलंय तेच होईल.