लिटल बिगहॉर्न, 25 जून 1876: फौजेची विभागणी चुकली, की विभागणीची वेळ?

सांडणीस्वार (धागाकर्ता)

माँटाना प्रदेशातल्या लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी 25 जून 1876 रोजी लकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सैन्याच्या सातव्या घोडदळाचा पराभव केला. लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर याच्यासोबत शेवटपर्यंत राहिलेल्या पाच कंपन्यांतल्या सुमारे 210 जणांपैकी एकही त्या टेकड्यांवरून जिवंत परतला नाही. या पराभवाचे ठरीव स्पष्टीकरण असे, की कस्टरने शत्रूपुढे आपली फौज वाटली आणि म्हणून तो बुडाला. हे स्पष्टीकरण मला अर्धवट वाटते.

फौज वाटणे ही त्या काळच्या सरहद्दीवरची रुळलेली पद्धत होती. 1868 च्या नोव्हेंबरात वॉशिटा नदीकाठी ब्लॅक केटल या शायेन पुढाऱ्याच्या वस्तीवर कस्टरने पहाटे चार बाजूंनी हल्ला केला होता, आणि त्यात त्याला यशही मिळाले होते. (निजलेल्या वस्तीवरच्या त्या हल्ल्याला यश म्हणावे का, हा प्रश्न वेगळा, मी इथे फक्त त्याच्या वरिष्ठांची मोजपट्टी वापरतो आहे.) फिरत्या वस्तीबद्दल अधिकाऱ्यांना भीती असे ती तिच्या पांगण्याची, ती उभी राहून लढेल ही शंका फारशी कोणाला येत नसे. जे पळून जाईल असे वाटते त्याला घेरावेच लागते, आणि घेरायचे तर फौज वाटावीच लागते.

माझा आक्षेप विभागणीच्या वेळेला आहे. 25 जूनच्या भल्या पहाटे 'क्रोज नेस्ट' या उंचवट्यावरून सैन्यासोबतच्या क्रो आणि अरिकारा जमातींच्या टेहळ्यांनी सुमारे 24 किलोमीटरवरचा धूर आणि घोड्यांचा प्रचंड कळप पाहिला. नंतर कस्टर स्वतः तिथे चढला, तेव्हा त्याला काहीही दिसले नाही. असे असूनही दुपारी बाराच्या सुमारास, वस्ती किती मोठी आहे आणि नदीकाठी नेमकी कुठून कुठवर पसरली आहे हे ठाऊक नसताना, त्याने बारा कंपन्यांचे चार भाग केले. कॅप्टन बेंटीनला तीन कंपन्या देऊन डावीकडच्या उजाड टेकड्यांत धाडले, मेजर रीनोला तीन दिल्या, एक कंपनी खेचरांवरच्या सामानाच्या रक्षणाला ठेवली आणि पाच स्वतःकडे घेतल्या. बेंटीनला तिकडे जे शोधायचे होते ते तिथे नव्हतेच. पुढे कड्यावरून खरी वस्ती दिसल्यावर कस्टरने त्याला जी चिठ्ठी पाठवली तिचा आशय असा, की 'या, वस्ती मोठी आहे, त्वरा करा, सामान आणा'. आणि सामान आणण्याची सूचना खाली पुन्हा एकदा लिहिली. त्वरा करायची आणि सामानाची खेचरेही आणायची, या दोन गोष्टी एका वेळी कशा साधाव्यात, हे चिठ्ठीत नाही. ती घेऊन गेलेला बिगुलवादक इटलीहून आलेला होता, आणि त्याचे इंग्रजी बेताचे होते.

तोफखाना

मांडणी नेटकी आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. सेनापतीचा बेत अपुऱ्या माहितीवरच उभा असतो. तो तडीस जाईल की नाही हे हाताखालचे अधिकारी ठरवतात, आणि त्या दिवशी दोन अधिकारी कमी पडले.

रीनोला नदी ओलांडून वस्तीच्या दक्षिण टोकावर चालून जाण्याचा हुकूम होता. तो निघाला, परंतु तंबूंपर्यंत पोचण्याआधीच थांबला, सैनिकांना पायउतार करून रांग धरायला लावली, मग झाडीत शिरला. आणि ब्लडी नाइफ हा अरिकारा टेहळा त्याच्या शेजारीच डोक्यात गोळी लागून पडला, तेव्हा त्याचा धीर पुरता सुटला. झाडीतून बाहेर पडण्याचा हुकूम सगळ्यांपर्यंत पोचलाही नाही. पाठ राखायला कोणी न ठेवता नदीपलीकडच्या कड्यांवर जी धावाधाव झाली, तिच्यात तिसाहून अधिक माणसे पडली. रीनो झाडीत टिकून राहिला असता, तर वस्तीतले शेकडो योद्धे तिथेच गुंतून पडले असते.

बेंटीनचे वर्तन मला अधिक गंभीर वाटते. चिठ्ठी त्याच्या हातात पडली होती आणि तिच्यातला 'त्वरा करा' हा शब्द कोणालाही समजेल असा होता. रीनोच्या टेकडीवर पोचून तो तिथेच थांबला. कॅप्टन वीअर हुकुमाची वाट न पाहता उत्तरेकडे निघाला, तेव्हा कुठे बाकीचे त्याच्यामागे हलले, आणि तोवर फार उशीर झाला होता. बेंटीनचा कस्टरवर वॉशिटापासून राग होता. मेजर एलियट आणि त्याची माणसे तिथे मागे राहून मारली गेली याचा दोष तो उघडपणे कस्टरला देत असे. 1879 साली शिकागोत रीनोच्या वर्तनाची लष्करी चौकशी झाली. तिने त्याला दोषमुक्त केले, पण काही कनिष्ठ अधिकाऱ्यांनी फौजेच्या बचावासाठी त्याच्याहून अधिक केले, असेही नोंदवले. एवढे पुरेसे बोलके आहे.

सांडणीस्वार

रीनोने माघार भोंगळपणे घेतली हे मान्य. पण त्याच्यापाशी सैनिक होते सुमारे 140, आणि पायउतार झालेल्या घोडदळात दर चौघांतला एक जण घोडी धरून मागे राहतो, हे विसरू नये. म्हणजे जिथे दीड ते दोन हजार योद्धे होते असे आज मानले जाते, तिथे त्याच्या रांगेत शंभरेक बंदुका उरल्या. सगळ्या फौजेचा पाठिंबा मिळेल असे त्याला सांगितले होते. तो पाठिंबा मागून येणार नसून कस्टर कड्याआडून उत्तरेला वळला आहे, हे त्याला कोणी कळवले नाही. सेनापती आपला बेत बदलतो आणि तो ज्याच्या जोरावर बदलतो त्यालाच सांगत नाही. याला हाताखालच्याचा दोष म्हणणे मला पटत नाही.

बेंटीनविषयी आपले म्हणणे अर्धे मान्य करतो. तो रेंगाळला. मात्र रीनोची टेकडी आणि कस्टर पडला ती टेकडी यांमधले अंतर सुमारे 7 किलोमीटर होते आणि वाटेत रीनोची जखमी, घाबरलेली, काडतुसे संपत आलेली माणसे होती. त्यांना तसेच टाकून पुढे जाणे, हे त्याने वॉशिटाबद्दल कस्टरला ज्याचा दोष दिला तेच करण्यासारखे झाले असते.

माळरान

आपण दोघेही असे लिहीत आहात, की जणू पटावर एकाच बाजूचे मोहरे होते.

आठच दिवस आधी, 17 जूनला, रोजबड नदीपाशी क्रेझी हॉर्स हा लकोटा पुढारी आणि त्याच्या साथीदारांनी जनरल क्रुकच्या हजाराहून मोठ्या फौजेला दिवसभर झुंजवले होते. त्यानंतर क्रुक दक्षिणेला मागे सरला. ज्या फौजा एकमेकींना मिळणार होत्या त्यांतली एक मोहिमेतून बाहेर गेली होती, आणि कस्टरचा वरिष्ठ जनरल टेरी व स्वतः कस्टर यांना त्याचा पत्ताही नव्हता. 'वस्ती पळेल' हे गृहीतक 17 जूनलाच मोडले होते, फक्त ती बातमी पोचायची राहिली होती. शिवाय हे लोक तिथे का जमले होते तेही धाग्यात यायला हवे. 1868 च्या करारात लकोटांना दिलेल्या ब्लॅक हिल्समध्ये सोने असल्याचे 1874 साली कस्टरच्याच मोहिमेने जाहीर केले. त्यानंतर 31 जानेवारी 1876 पर्यंत एजन्सींच्या, म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या राखीव प्रदेशांच्या, हद्दीत या, नाहीतर शत्रू समजले जाल, असे फर्मान भर हिवाळ्यात निघाले.

आता प्रत्यक्ष लढाईकडे पाहू. रीनोच्या पहिल्या हल्ल्यात गॉल या लकोटांच्या हंकपापा शाखेतल्या पुढाऱ्याच्या दोन बायका आणि मुले मारली गेली. उत्तरेला लेम व्हाइट मॅन या शायेनाने केलेल्या चढाईने एका कंपनीची फळी फुटली आणि त्याच चढाईत तोही पडला. तिथे वरून हुकूम देणारा एकच सेनापती नव्हता. ज्याची पत होती तो पुढे सरके आणि ज्यांना पटे ते त्याच्यामागे जात. 1983 च्या वणव्यात रणभूमीवरचे गवत जळाले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत तिथे उत्खनन झाले. काडतुसांच्या पुंगळ्यांवरच्या खुणा जुळवून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली हे अभ्यासकांनी लावले. योद्ध्यांकडे चाळिसाहून अधिक प्रकारच्या बंदुका होत्या आणि त्यांत न थांबता अनेक गोळ्या झाडणाऱ्या हेन्री व विंचेस्टरही होत्या. सैनिकांची स्प्रिंगफील्ड कार्बाइन मात्र एका वेळी एकच गोळी झाडणारी. पुंगळी अडकत असे म्हणून घात झाला, या लाडक्या सबबीलाही तिथल्या पुंगळ्यांनी फारसा आधार दिला नाही. रांगा आधी सैल झाल्या, मग माणसे घोळक्यांनी एकत्र आली, मग पळाली. ही फळी कोणी तरी फोडली होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोरा कागद

टेरीने देऊ केलेल्या तीन गॅटलिंग तोफा आणि दुसऱ्या घोडदळाच्या चार कंपन्या कस्टरने नाकारल्या. माझ्या मते वाद इथेच संपतो.

तोफखाना

तोफांचा मुद्दा बाद समजावा. त्या ओढायला सैन्याने टाकाऊ ठरवलेली घोडी होती आणि त्या नाळ्या-ओढ्यांतून त्या वेळेवर पोचल्या नसत्या. चार कंपन्यांचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. टेरीच्या लेखी हुकुमात त्याला आणखी दक्षिणेला जाऊन मग वळण्याची सूचना होती हे खरे, पण त्याच हुकुमात शत्रूच्या निकट असताना त्याचे हात बांधण्याची इच्छा नाही असेही लिहिले होते. अशा हुकुमाची अवज्ञा कशी करायची, हे मला तरी उमगत नाही.

आणि सांडणीस्वार, घाई त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आली नव्हती. 25 जूनला लपून राहून 26 च्या पहाटे हल्ला करायचा, असाच त्याचा बेत होता. रात्रीच्या वाटचालीत बिस्किटांची एक पेटी खेचरावरून पडली, आणि ती आणायला मागे गेलेल्या सैनिकांना तिच्यापाशी शायेन दिसले. आपण पाहिले गेलो आहोत, आता थांबू नका, असे क्रो टेहळ्यांनीही सांगितले. अशा वेळी आपण काय केले असते?

सांडणीस्वार

निघालो असतो. तिथवर मी आपल्यासोबत आहे, आणि माळरान यांची दुरुस्तीही स्वीकारतो. पेटीपाशी दिसलेले ते शायेन वस्तीपासून दूर होते आणि लढाई होण्याआधी वस्तीत पोचलेच नाहीत, हे आज आपल्याला ठाऊक आहे. कस्टरला ते कळणे शक्य नव्हते.

पण घाईने निघणे आणि निघता निघता बेंटीनला टेकड्यांत धाडणे, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. पहिल्याने दुसरा लादला नव्हता. क्रोज नेस्टवरून जे दिसले नाही ते नदीजवळच्या कड्यांवरून दिसणार होते, आणि तिथवर बेंटीनच्या तीन कंपन्या सोबत नेता आल्या असत्या. एरवी 26 च्या पहाटेही टेरी आणि त्याच्यासोबतचा कर्नल गिबन त्याच्या मदतीला पोचले नसते. ते रणभूमीवर आले 27 तारखेच्या सकाळी. म्हणजे कस्टर दोन्ही दिवशी एकटाच लढणार होता, आणि एकट्याने लढताना त्याच्यापाशी पाच कंपन्या असाव्यात की आठ, हे त्याच्या स्वतःच्या हातात होते.