मदत हवी आहे: आईची ऑडिओबुकं कशी लावून ठेवू? (टॅग, अभिवाचक, भागांचा क्रम)

नमस्कार मंडळी,

काचबिंदूमुळे आईचं वाचन बंद झालंय. दुपारी तिला गोष्ट लागतेच, म्हणून घरात होतं नव्हतं ते सगळं एका हार्डडिस्कवर गोळा केलं. बाबांच्या कॅसेटी (मीच लॅपटॉपवर उतरवल्या), जुन्या एमपी३ सीड्या, आणि मावसभावाने दिलेला 'न्यू फोल्डर ४'. अकराशेच्या वर फाइली झाल्या. कादंबऱ्या, कथाकथन, कीर्तनं, आणि मध्येच माझ्या मुंजीतली मंगलाष्टकं.

आता रडगाणं. 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल. देशपांडे', 'पुलं' आणि 'पी. एल.' असे एकाच माणसाचे चार लेखक झालेत. टिंबानंतर जागा सोडली की ॲपला तो वेगळा माणूस वाटतो. भाग १ नंतर १० वाजतो, मग ११, आणि २ कुठे तरी तळाला. परवा आईने लग्न आधी ऐकलं आणि कांदेपोह्यांचा कार्यक्रम नंतर. "हल्ली असंच असतं म्हणे," म्हणाली. सीड्यांवरची नावं तर अर्ध्यात तुटलेली, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं.

खरी गोम वेगळीच आहे. आई पुस्तक लेखकावरून मागतच नाही, आवाजावरून मागते. "तो खर्जातला लाव." "तो मध्ये मध्ये खोकणारा आहे ना, तो." अभिवाचकाचं नाव टॅगमध्ये (फाइलीतच साठवलेल्या माहितीत) नेमकं कुठे लिहायचं? एमपी३टॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीसेक फाइली केल्यात. सगळ्या करून मग 'चुकलं' कळायला नको, म्हणून आधीच विचारतोय.

प्रतिसाद १
अभिवाचक टॅगच्या 'कंपोझर' (संगीतकार) या रकान्यात लिहा. हसू येईल, पण बऱ्याच ठिकाणी हीच रीत आहे. ऑडिओबुकशेल्फ हे ऑडिओबुकं लावून ठेवायचं सॉफ्टवेअर तर तिथलं नाव थेट अभिवाचक म्हणून दाखवतं. पुस्तकाचं नाव 'आल्बम'मध्ये, लेखक 'आल्बम आर्टिस्ट'मध्ये. एका लेखकाच्या सगळ्या फाइली एकदम निवडून नाव एकदाच लिहा, म्हणजे टिंबांचा घोळ मिटेल. क्रमांक ००१, ००२ असे शून्य लावून द्या. एमपी३टॅगमध्ये आपोआप क्रमांक घालायची सोय आहे, हाताने करत बसू नका.
तुटलेली नावं म्हणजे जुना आयडी३ (एमपी३मध्ये टॅग लिहायची पद्धत) आवृत्ती १ चा टॅग. त्यात ३० अक्षरांपलीकडे जागा नाही आणि देवनागरी तर बसतच नाही. तो काढून टाका आणि आवृत्ती २.३ मध्ये यूटीएफ-१६ (देवनागरीही बसते अशी अक्षरं साठवायची पद्धत) ठेवून सेव्ह करा. प्रश्नचिन्हं झालेली नावं मात्र गेली, ती परत टाइप करावी लागतील.

प्रतिसाद २
'ऱ्या' सांभाळा! कुणी 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून टाइप करतं, कुणी साध्या 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतं. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे, पण शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. माझं एक पुस्तक असंच दोन दिवस 'हरवलं' होतं. सगळे टॅग एकाच कीबोर्डवरून लिहा.

मूळ लेखक
दोघांचेही आभार. फोनवर आता सगळं झकास. पण आई ऐकते तो पेनड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर. तिथे क्रम अजून उलटापालटाच!

प्रतिसाद १
हे आधी सांगायचं ना! असले स्वस्तातले स्पीकर बहुधा टॅगकडे बघतसुद्धा नाहीत. फॅट३२ (फाइली साठवायची एक पद्धत) पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि एकेक पुस्तक क्रमाने कॉपी करा. लिनक्स असेल तर फॅटसॉर्ट नावाच्या प्रोग्रॅमने आहे त्याच जागी क्रम लावता येतो.

मूळ लेखक
जमलं! फॉरमॅट करून रात्री जागून कॉपी केलं. आज भाग १ नंतर चक्क २ वाजला.
खोकणाऱ्याचं नाव काही मिळालं नाही, चारही कॅसेटींच्या लेबलांवर नुसतं पुस्तकाचं नाव आहे. 'कंपोझर'मध्ये तूर्तास 'खोकणारा' असंच लिहिलंय. कुणाला आवाज ओळखता येत असेल तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.