मदत हवी आहे : घरच्या घरी फायटर माशांची पैदास, मुक्काम बडोदा

रावपुऱ्याची_मासोळी

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळताना इथे मासेवाले बरेच आहेत असं दिसलं, म्हणून विचारते.

माझ्याकडे एक निळा हाफमून (अर्धचंद्रासारखी पसरट शेपटी असलेला) बेट्टा आहे, आपल्या भाषेत फायटर. टाकीच्या कोपऱ्यात बुडबुड्यांचं घरटं बांधतो, पाणी बदललं की ते मोडतं, की लगेच पुन्हा कामाला लागतो. त्याला मादी आणून दिवाळीच्या सुट्टीत जोडी लावून बघावी असं घरात ठरलंय. लेक आठवीत आहे आणि तिला जीवशास्त्राचं वेड आहे. सासूबाईंची ना नाही, फक्त ‘माझ्या ओट्यावर यातलं काही दिसता कामा नये’ एवढी अट आहे.

सामान असं : दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची टाकी, ५० वॉटचा हीटर, स्पंज फिल्टर, एअर पंप. पाणी महानगरपालिकेचं. सोसायटीची बोअर आहे, पण ते पाणी वाळलं की बादलीवर पांढरे डाग राहतात.

आता शंका. टाकी पूर्ण भरायची की अर्धी? दुकानदार ‘मादी’ म्हणून जे दाखवतो ते मला आखूड पंखांचे नरच वाटतात, मग ओळखायचं कसं? पिल्लांना पावडरचं खाणं चालेल ना? आणि आमच्या हॉलमध्ये झोपाळा आहे, तो हलला की टाकीतलं पाणीही थरथरतं. जागा बदलू का?

व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, दहा जण दहा गोष्टी सांगतात. कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.

---

तळ्यात_मळ्यात

वाचतोय. झोपाळ्यापाशी ठेवू नका एवढं मीही सांगू शकतो. आणि ताई, नवरात्र संपेपर्यंत तरी काही सुरू करू नका, गरब्याच्या स्पीकरने आमच्या कपाटाच्या काचा वाजतात, तिथे बुडबुड्यांचं काय घेऊन बसलात!

---

बरणीवाला

ताई, मी मांजलपुरात राहतो. तुमच्याच हवेत, जवळपास तुमच्याच पाण्यात हे करत आलोय, तर जरा सविस्तर लिहितो.

टाकी तुमची उत्तम आहे. पूर्ण भरली तर साधारण ५४ लिटर होईल, पण जोडी लावताना पाणी १२ सेंटिमीटरच ठेवा, म्हणजे २२ लिटरच्या आत. हा मासा मुळात थायलंडकडच्या भातखाचरांतला आणि उथळ, संथ पाण्यातला. मादीने सोडलेली अंडी खाली पडतात, नर ती तोंडात धरून वर घरट्यात नेऊन चिकटवतो. पाणी खोल असलं तर त्याची नुसती दमछाक. तळाला वाळू-खडे काही नको, अंडी त्यात हरवतात.

मात्र एक बघा. एवढ्या कमी पाण्यात हीटर उभा लावला तर अर्धा उघडा राहतो आणि काच तडकते. पूर्ण बुडवून चालणारा असेल तर तळाशी आडवा लावा, २८ अंशांवर. स्पंज फिल्टर टाकीत असू दे, पण अंडी असेपर्यंत हवा बंद, नाहीतर घरटं विस्कटतं. पिल्लं पोहायला लागली की हवा अगदी हळू, एकेक बुडबुडा सुटेल इतपत. वर क्लिंग फिल्म ताणून लावा. हे मासे वरची हवाही घेतात. त्यासाठीचा अवयव पिल्लांमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास तयार होतो आणि त्या काळात पाण्यावरची हवा थंड किंवा कोरडी असली तर पिल्लं मरतात.

पाणी आजवा तलावाचं असो की मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं, पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच. क्लोरीन घालवणारं अँटी-क्लोरीन औषध घाला. बोअरच्या वाटेला जाऊ नका. देशी बदामाचं गळून पडलेलं, पूर्ण वाळलेलं तपकिरी पान धुऊन टाकीत सोडा. पाणी फिक्या चहासारखं होतं, ते व्हायलाच हवं. झाडावरचं हिरवं पान नको आणि फवारणी होते त्या बागेतलंही नको. नराला घरट्यासाठी आडोसा म्हणून थर्मोकोलचा पेला उभा अर्धा कापून पाण्यावर तरंगत ठेवा. मादीला लपायला दुसऱ्या टोकाला पाणवनस्पती भरपूर.

मादी ओळखायची खूण : पोटाखाली, पोटाच्या पंखांच्या मागे, मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका. कोवळ्या नरांमध्येही कधी कधी तसा दिसतो, म्हणून दुकानदाराला आरसा धरायला सांगा. नर फुगला की गालांखालून दाढीसारखा पडदा बाहेर येतो, मादीचा बाहेर आलाच तर अगदी थोडा. दोघांना आठवडा-दोन आठवडे वेगळं ठेवून जिवंत खाणं द्या. मादी तयार झाली की अंगावर उभे पट्टे दिसतात. आडवे पट्टे म्हणजे ती घाबरलीय, तेव्हा सोडायची नाही.

सोडताना आधी तिला तळ कापलेल्या पारदर्शक बाटलीत टाकीतच उभी ठेवा. नराने तिला बघून घरटं नीट बांधलं की मग बाटली उचला. पाठलाग होईल, तिचे पंख थोडे फाटतील, ते अटळ आहे. पण ती कोपऱ्यात निपचित पडली आणि तो सोडतच नसला तर थांबा, दोघांना वेगळं करा. सगळं जुळलं तर नर तिच्याभोवती अंगाचं वेटोळं घालतो, अंडी पडतात, मादी क्षणभर मेल्यासारखी कलंडते. पहिल्यांदा बघणारा हमखास घाबरतो. हे काही तास चालतं. नर तिला घरट्याजवळ येऊ देईनासा झाला की तिला काढून घ्या. एक-दोन दिवसांत पिल्लं फुटतात आणि घरट्याला शेपटी खाली करून लोंबकळतात. आडवी पोहायला लागली की नरही बाहेर.

पावडरचं खाणं विसरा. पिल्लांच्या तोंडात ते जात नाही, पाणी मात्र नासतं. उकडलेल्या अंड्याचा बलकही नको. सुरुवातीला इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) आणि मायक्रोवर्म (अगदी बारीक पांढरे कृमी), मग चार-पाच दिवसांनी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी). लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, त्यात आर्टेमियाची अंडी, खालून जोरात हवा, पाणी २८ अंशांवर : दिवसभरात पिल्लं बाहेर. हवा बंद करून एका बाजूला टॉर्च धरा, ती उजेडाकडे गोळा होतात आणि टरफलं मागे राहतात. बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्या. फायटरच्या पिल्लाने ती खाल्ली की त्याचं पोट नारिंगी दिसतं, काचेला नाक लावून बघावं इतकं स्पष्ट. नारिंगी ठिपका नाही म्हणजे पिल्लू उपाशी.

आर्टेमिया आणि मायक्रोवर्म, दोन्ही जोडी लावायच्या आधी घरात जमलं पाहिजे. पिल्लं झाल्यावर शिकायला वेळ मिळत नाही. मायक्रोवर्म ओट्सच्या किंवा कणकेच्या लापशीत चिमूटभर यीस्ट घालून वाढतात आणि आंबट वास मारतात. सासूबाईंची अट लक्षात घेता डबा गॅलरीत.

आता खरी गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. बरण्या. एका वेळी शंभरावर पिल्लंही होऊ शकतात. सहा ते आठ आठवड्यांत नर भांडायला लागतात आणि मग प्रत्येकाला वेगळी बरणी. समजा ४० नर निघाले. लिटरभराच्या ४० बरण्या, दिवसाआड निम्मं पाणी बदलायचं, म्हणजे प्रत्येक वेळी २० लिटर तयार पाणी. आणि दिवाळीत जोडी लावलीत तर हे दिवस कधी येतात? उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे. बडोद्यात तेव्हा रात्री पारा १२ च्या आसपास असतो. ४० बरण्यांना ४० हीटर लावणार आहात का?

म्हणून तारीख जोडीपासून पुढे मोजू नका, बरण्यांपासून मागे मोजा.

---

कोलीवाडा_ते_कारेलीबाग

बरणीवाले काकांचं बाकी सगळं मान्य, पण थंडी सरायची वाट बघण्यात एक खोट आहे. मासोळीताईंचा नर आधीच मोठा असणार, दुकानात येतात तेच बरेचदा पाच-सहा महिन्यांचे. वर्ष उलटलं की जोर ओसरतो. थंडीचाच प्रश्न असेल तर उपाय आहे : पसरट टबमध्ये सगळ्या बरण्या गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या करा आणि टबच्या पाण्यात एकच मोठा हीटर. मुंबईत नाही, पण नाशकात भावाकडे हिवाळे असेच काढलेत.

आणि डासांच्या अळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. मोठ्या माशांना याहून चांगलं खाणं नाही. ट्युबिफेक्स (लाल बारीक कृमी) गटारातून येतात, ते मी घालत नाही.

---

बरणीवाला

टबची युक्ती खरी आहे, पण ४० बरण्यांचा टब फ्लॅटमध्ये ठेवायचा कुठे? डासांच्या अळ्या उत्तम, फक्त रोजच्या रोज गाळून घ्यायच्या. एक दिवस विसरलात तर कोष होऊन डास उडतात, मग शेजारी आणि पालिकेचे तपासणीवाले दोघेही दारात उभे.

नराच्या वयाचं मात्र पटलं. त्यावर माझं म्हणणं असं की हाफमूनचा हट्ट सोडा. लांब पंखांचा नर लवकर दमतो आणि वेटोळं घालताना पंखांतच अडकतो. आखूड पंखांची प्लाकाट जोडी घ्या, दोघं साधारण सारख्या आकाराची, मादी किंचित लहान असली तर बरं. दोन्ही डबलटेल (दुभंगलेल्या शेपटीची) असलेली जोडी नको, पिल्लांच्या पाठीचे कणे वाकडे निघतात.

---

रावपुऱ्याची_मासोळी

बापरे, बरण्यांचा विचार खरंच मनात आला नव्हता. लेकीला हिशेब करायला बसवलं. फेब्रुवारीच्या मध्यात जोडी लावली तर बरण्या एप्रिलच्या मध्यात येतात. तिच्या परीक्षाही तोवर संपतात आणि मदतीला ती असते. निळोबा आहे तसा एकटाच राहील, त्याचं घरटं बांधणं काही थांबणार नाही. डिसेंबरात कोवळी प्लाकाट जोडी आणते. दिवाळीच्या सुट्टीत फक्त आर्टेमिया आणि मायक्रोवर्म.

एप्रिलमध्ये उलटा त्रास होईल का? आमचा हॉल पश्चिमेकडे आहे.

---

बरणीवाला

पाणी ३० पर्यंत ठीक. त्यापुढे जायला लागलं तर बरण्या फरशीवर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, आणि दुपारी पंखा. झाकणांना भोकं पाडा, हे मासे उड्या मारतात. बरण्या विकत घेऊ नका, फरसाणवाल्यांकडे नमकीनच्या मोठ्या पारदर्शक बरण्या रिकाम्या होत असतात. तेलाचा वास पूर्ण जाईपर्यंत गरम पाण्याने धुवा, साबण नको.

आणखी एक. पिल्लं घेणार का हे दुकानदाराला आत्ताच विचारून ठेवा. उरलेली सूरसागर तलावात किंवा विश्वामित्री नदीत सोडायची नाहीत, कितीही जीव तुटला तरी.

---

रावपुऱ्याची_मासोळी

दुकानदाराशी बोलले. नर रंगीत आणि धडधाकट असले तर घेईन म्हणाला, माद्या नको म्हणाला. माद्यांसाठी वनस्पतींनी भरलेली वेगळी मोठी टाकी लागणार असं दिसतंय, त्याचं बघते.

आता एकच अडलंय : मायक्रोवर्मचं विरजण. बडोद्यात कुणाकडे चालू डबा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चमचाभर पुरे, मकरपुऱ्यापासून निझामपुऱ्यापर्यंत कुठेही येऊन घेऊन जाईन.