डावा हात मागे पडतो त्यांच्यासाठी

काल लेकाचं प्लास्टर निघालं. सहा आठवड्यांनी पाय दिसला तो बारीक, सालपटं सुटलेला. पोटात कालवलं अगदी. आणि माझी जिमची सुरुवात आठवली, चाळिशीतली. डोक्यावर १० किलोचा बार न्यायचा, तर आरशात उजवा हात सरळ झालेला आणि डावं कोपर अर्ध्यात थरथरतंय, बार तिरका. ट्रेनर म्हणाला डाव्याचे दुप्पट सेट मारा. मारले. दोन आठवड्यांत खांदा असा धरला की अंबाडा घालता येईना. शेवटी तिथल्याच एका काकूंनी मार्गावर आणलं. बार ठेव, सुटे डंबेल घे. सुरुवात डाव्याने. डावा ७ वेळा उचलून थांबला की उजव्यानेही ७ लाच थांबायचं, जमत असले तरी. ते थांबणंच जड जायचं. तीनेक महिन्यांत दोन्ही हात १० वर आले.
तुमचं कसं झालं? लिहा ना.

पायरीवर
लेकाला लवकर बरं वाटो गं. किती वर्षांचा आहे?

कढीपत्ता
माझं कंबरेचं. पोरगी दोन वर्षं डाव्याच कडेवर, उजवा हात कामाला मोकळा हवा ना. स्क्वॉट करताना सगळं अंग डावीकडे कलायचं, मला कळायचंच नाही, बहिणीने व्हिडिओ काढून दाखवलं. आता एका हातात जड पिशवी धरून सरळ चालते, मग दुसऱ्या हातात. कुकर झाला, येते परत.

लालमाती
आमच्या तालमीत वस्ताद आम्हाला मुद्गल, म्हणजे फिरवायचा जड लाकडी सोटा, डाव्या हातानेच सुरू करायला लावायचे आणि आकडा मोठ्याने म्हणायला लावायचे. उजव्याने एक जास्त फिरला तर परत पहिल्यापासून. तेव्हा राग यायचा. काकूंचं वाचून आज त्यांची फार आठवण आली.

सांधेजोड
फिजिओ आहे म्हणून लिहिते. थोडा फरक सगळ्यांनाच असतो, टेनिसवाल्यांच्या तर खेळायच्या हाताचं हाडही जाड होतं. त्याला घाबरू नका. नवख्या माणसाची पहिल्या काही आठवड्यांतली ताकद बरीचशी मज्जासंस्था शिकते म्हणून वाढते, स्नायू नंतर भरतो. म्हणून टेपने रोज दंड मोजू नका, वजन आणि आकडे वहीत लिहा.
प्लास्टरवाल्यांनी डॉक्टरांना विचारून चांगल्या पायाचा व्यायाम चालू ठेवावा. एका बाजूच्या व्यायामाने दुसरीतही थोडी ताकद येते, हे येल विद्यापीठात १८९४ मध्येच दिसलं होतं.
पण एका हातापायाची ताकद अचानक गेली किंवा मुंग्या-बधिरपणा असेल तर व्यायाम नको, आधी डॉक्टर.

पायरीवर
अरे हे माहीतच नव्हतं! आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सांगायला हवं होतं कुणीतरी.
माझा डावा पाय. एक पाय मागे बाकावर ठेवून बैठक मारायची असते ना, त्यात डावा गुडघा आत पडायचा. वजन सोडून दिलं, भिंतीला एक बोट टेकवून फक्त ५ मारायचे, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. जिना चढतानाही मी कायम उजवाच पाय आधी टाकते हे तेव्हा लक्षात आलं.

नवीनच_आहे
डंबेल नाहीत, काय करू? पाण्याच्या बाटल्या चालतील?

लालमाती
चालतील की. २ लिटरची भरली की २ किलो. दोन्ही सारख्या भर, नाहीतर फरक तिथेच यायचा.

कढीपत्ता
आले. सांधेजोड, पिशवी किती किलोची घेऊ? सध्या ५ किलो तांदूळ आहेत.

सांधेजोड
खांदा न झुकता ३० पावलं जमत असतील तर ५ ठीक. झुकला की कमी कर.

(धागाकर्ती) नऊ वर्षांचा आहे गं. डॉक्टरांनी आज पाय टेकवायला सांगितलाय. तो उजव्यावरच उभा राहतोय, डाव्याची फक्त टाच लावतोय. मी शेजारी उभी राहून दहापर्यंत मोजतेय.