बटण दाबलं, पंखा फिरला, पुढे काहीच नाही: घरचा कॉम्प्युटर चालू होईना तेव्हाचे तुमचे अनुभव

मंगळवार पेठ

कोल्हापुरात चार दिवस संततधार होती. भिंतींना ओल, कपडे वाळेनात, आणि पाचव्या दिवशी आमचा कॉम्प्युटरही चालू होईना. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पुढचा दिवा लागायचा, स्क्रीन मात्र काळी. कीबोर्डवरचा नमलॉकचा दिवासुद्धा लागत नव्हता. ओळखीच्या एकांनी फोनवरच सांगितलं, मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, गेला, आता नवीनच घ्या.

दिरांनी ऐकलं नाही. आधी वायर भिंतीतून काढली, मग बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. बाजूचं झाकण काढून रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीच्या, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबल्या, तशी पट्टी वर आली. तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता, देवाच्या तांब्यावर चढतो तसा. मुलाच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर त्यावर हलक्या हातानं फिरवलं, कण कोरड्या ब्रशनं झाडले आणि पट्टी परत बसवली. आमच्या बोर्डाला दोन खिट्ट्या आहेत. दोन्ही ‘कट्’ वाजल्या पाहिजेत, एकच वाजली तर पट्टी तिरकी बसलेली असते. बटण दाबलं आणि एक बारीक ‘पीप’ ऐकू आला. सगळं घर त्या आवाजाची वाट बघत उभं होतं.

या कॉम्प्युटरमध्ये सासऱ्यांच्या आवाजातली भजनं आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्याला ते कसं ठाऊक असणार? म्हणून हा धागा काढला. तुमचे अनुभव लिहा, पण ‘दुरुस्त करून आणला’ एवढ्यावर सोडू नका. बटण दाबल्यावर काय दिसलं, काय ऐकू आलं, कसला वास आला, आधी काय करून बघितलं आणि शेवटी दोष कशात निघाला, सगळं सांगा.

उद्यमनगर

वहिनी, आमचं दुखणं एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या भागांना वीज देणाऱ्या डब्याचं होतं. खाली लेथचा गाळा, वर घर. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा अन् थांबायचा. पाच-सहा वेळा दाबलं की कधीतरी सुरू व्हायचा, म्हणून महिनाभर तसाच रेटला. मग एसएमपीएस बाहेर काढून 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली. पंखा फिरला. म्हटलं हा चांगला हाय, बोर्डच गेला असणार. इथंच चुकलो. नुसता पंखा फिरवायला कितीशी ताकद लागतीय? सगळं परत जोडून चालू करताना पिवळ्या वायरीवर मीटर लावला, तर 12 व्होल्टच्या जागी 10.8. पाच टक्के सूट धरली तरी 11.4 च्या खाली जाऊन चालत न्हाई. एसएमपीएस बदलला, पहिल्या दाबात सुरू.

बोर्डावरच्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकीही बघून घ्या. सपाट पाहिजेत. भाकरीगत फुगलेलं किंवा वरून तपकिरी चिकट आलेलं दिसलं तर दोष तिथं हाय. एसएमपीएसचा डबा मात्र घरात उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका बसंल एवढी वीज राहती. मी रोज मोटारी उघडतो, पण तो डबा उघडला न्हाई.

राजारामपुरी

माझा अनुभव बोर्डावरच्या सेलचा. कॉम्प्युटर रोज सुरू होताना एफ1 दाबायला सांगायचा आणि तारीख 2009 सालची दाखवायचा. मी दाबत राहिलो. पुढे बँकेची साइट उघडेना, सुरक्षित नाही म्हणून इशारा यायचा. त्याचं मूळही तारखेतच होतं, कारण साइटचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून पाहिलं जातं. मदरबोर्डवर तारीख-वेळ सांभाळणारा, घड्याळातल्यासारखा गोल सेल असतो, सीआर2032, तीन व्होल्टचा. तो बदलला.

सेल बदलल्यावर विंडोज निळ्या पडद्यावर अडकू लागलं, तेव्हा मात्र मी घाबरलो. सेल काढला की बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅममधल्या, सगळ्या सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. माझ्या बोर्डावर हार्डडिस्कचा मोड, म्हणजे बोर्डानं तिच्याशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला होता. तो परत एएचसीआय केला आणि विंडोज निमूट सुरू झालं. सेल काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्रींची झोप वाचली असती.

कसबा बावडा

मी मधेच विचारतोय, माफ करा. भावानं काल ग्राफिक कार्ड (मॉनिटरवर चित्र पाठवणारं) बसवलंय. पंखे फिरतात, विंडोज सुरू झाल्याचा आवाजही स्पीकरमधून येतो, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. वहिनींसारखी रॅम काढून पुसू का?

शिवाजी पेठ

माझा किस्सा लॅपटॉपचा नाही, घरच्या डेस्कटॉपचाच. विंडोजचं अपडेट चालू असताना लाईट गेली. त्यानंतर ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’, गोल गोल ठिपके, बंद, परत तेच. दुकानात एकच उत्तर मिळालं, फॉरमॅट. माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट त्यात होता.

तेव्हा हे केलं. रिपेअरच्या निळ्या पानावरून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. तिथे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाची, 48 आकडी किल्ली मागितली. ती माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये होती, मोबाईलवरून काढली. काळ्या खिडकीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबलं. नोटपॅडच्या फाइल मेनूत ओपन केलं की एक छोटी खिडकी उघडते, तिथे खाली ‘ऑल फाइल्स’ निवडलं आणि माझे सगळे फोल्डर दिसले! राइट क्लिक, कॉपी, पेन ड्राइव्हवर पेस्ट. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे सी ड्राइव्हला वेगळं अक्षर लागलेलं असू शकतं. आणि कॉपी होताना हिरवी पट्टी वगैरे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. मी वीस मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले होते.

प्रोजेक्ट हातात आल्यावरच डिस्कमधल्या चुका दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवलं. त्यानं विंडोज उठलं, पण उठलं नसतं तरी मला चाललं असतं.

मंगळवार पेठ

शिवाजी पेठच्या ताई, ही नोटपॅडची वाट मी वहीत लिहून घेतली. भजनं आज रात्रीच पेन ड्राइव्हवर घेते.

राजारामपुरी

कसबा बावडा, रॅम काढू नका. आवाज येतोय म्हणजे कॉम्प्युटर सुरूच होतोय. मॉनिटरची केबल मागे कुठे लावली आहे ते बघा. बोर्डाच्या उभ्या भागात असेल तर काढून खाली कार्डाच्या आडव्या पट्टीत लावा.

शाहूपुरी, कुंभार गल्ली

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा सीपीयू टेबलाखाली होता. परत आलो तर आत चिखलाची खपली धरलेली. बोर्ड धुतला, चार दिवस उन्हात ठेवला, वरून कोरडा दिसला म्हणून हार्डडिस्कसकट वीज दिली. बारीक करकर ऐकू आली, मग जळका वास. हार्डडिस्कच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो, हे नंतर कळलं. वीज न देता, न उघडता तशीच डेटा काढून देणाऱ्यांकडे नेली असती तर आशा होती. थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात होते.

2021 च्या जुलैत पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आल्याची बातमी आली, तेव्हा आधी दोन केबल आणि चार स्क्रू काढून फक्त हार्डडिस्क बाहेर घेतली. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून कळंब्याला बहिणीकडे पोचवली, मग भांडीकुंडी माळ्यावर टाकली. सीपीयू त्याही वेळी बुडाला.

कसबा बावडा

काका, केबल बोर्डातच होती. कार्डात लावली. स्क्रीन आली! भावाला अजून सांगितलेलं नाही, तो कामावरून यायचाय.