फाइलच्या नावांपायी झालेले घोटाळे - तुमचे अनुभव लिहा

परवा बॅकअप घेताना कॉपी मधेच अडकली, म्हणे नाव फार लांब. बघते तर फाइलचं नाव जेमतेम वीस अक्षरी! मग कळलं की विंडोज सी ड्राइव्हपासूनचा अख्खा पाथ, म्हणजे वाटेतल्या सगळ्या फोल्डरांच्या नावांसकट फाइलचा पूर्ण पत्ता मोजतं, मर्यादा २६० चिन्हांची आणि त्यातलं एक शेवटच्या न दिसणाऱ्या खुणेला जातं. मी प्रत्येक फोल्डरात प्रोजेक्टचं पूर्ण नाव परत परत लिहिलेलं, पाच वेळा. तुमचं काय काय झालंय ते येऊ द्या.

---

आमच्याकडे सर्व्हरवरचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला होता, म्हणजे पाथ तिथे छोटाच दिसायचा, सगळं छान सेव्ह व्हायचं. स्वतःच्या डेस्कटॉपवर घ्यायला गेलो आणि बोंबललं. वरच्या फोल्डरांची नावं एकेक अक्षरी केली तेव्हा कुठे सुटलं. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ही मर्यादा उठवायचं सेटिंग आहे, पण प्रोग्रामलाही ते झेपायला हवं ना.

---

विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम वापरणाऱ्यांनी हसू नये. तिथे एका नावाला २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे धरून. ‘क्षेत्र’ दिसायला दोन अक्षरं, आत ७ चिन्हं, २१ बाइट! म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खल्लास. मी लेखाचं अख्खं शीर्षक फाइलला द्यायचो, गेलं ते.

---

मी कॉन्टॅक्टचा शॉर्टफॉर्म म्हणून इंग्रजीत सी-ओ-एन नावाचा फोल्डर करत होते, विंडोज घेईचना. अर्धा तास मला वाटलं की-बोर्ड बिघडलाय. विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमच्या जमान्यापासून ते नाव राखीव आहे म्हणे, कन्सोलसाठी, म्हणजे की-बोर्ड आणि स्क्रीनसाठी.

---

फायनल, फायनल२, खरंच फायनल... आणि पाठवली गेली ती पहिलीच, त्यात चुकीचा तक्ता. तेव्हापासून तारीख पुढे, तीही २०२४-०३-०५ अशी, वर्ष आधी. आपोआप क्रमाने लागतात आणि ०५-०३ म्हणजे मार्च की मे हा वाद मिटतो.

---

धागाकर्ती परत आलेय. तुमचं वाचून उत्साहात काल रात्री सगळ्या फोल्डरांची नावं छोटी केली. आज सकाळी एक्सेल उघडलं तर दुसऱ्या फाइलींना जोडलेल्या सगळ्या लिंक तुटलेल्या. जुनी नावं कुणी लिहून ठेवलीयत!